दिवाळं नवऱ्याचं, दागिने कोणाचे?



संसार दोघांचा, पैसाही एकाच डब्यातला. मग नवऱ्याने नादारीचा अर्ज केला तर बायकोचं काय?

मुंबई शहराला १९०९ चा नादारी कायदा होता, आपल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांना १९२० चा. कर्ज किमान ५०० रुपयांचं असलं की कर्जदार स्वतःच कोर्टात अर्ज करू शके. त्याची मालमत्ता मग कोर्टाच्या ताब्यात जाऊन देणेकऱ्याच्या सावकारांत वाटली जाई.

पण सगळीच नाही. १९०८ च्या दिवाणी संहितेने घरच्यांचे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण वगळलं होतं. धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही वगळले. तीच सूट नादारीतही होती, म्हणून मंगळसूत्र वाचलं. स्त्रीधन तर मुळात तिचंच. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिची पूर्ण मालकी ठामपणे सांगितली.

विम्याची गोष्ट मला विशेष वाटते. बायको-मुलांच्या हितासाठी असं पॉलिसीतच लिहून काढलेला विमा सावकाराच्या हाती लागत नाही, ही १८७४ च्या कायद्यातली तरतूद. आपल्या भागातल्या जैन, हिंदू घरांना ती १ एप्रिल १९२३ पासून मिळाली. मात्र सावकाराला फसवायला काढलेल्या विम्याला हे संरक्षण नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. १९२० चाच कायदा सांगतो की नादार माणूस कर्जातून सुटला तरी त्याचा सहकर्जदार आणि जामीनदार सुटत नाही. त्यामुळे दागिना वाचतो, पण सही अडकवते. "इथे फक्त सही कर" असं कोणी म्हटलं, तर आधी कागद वाचा.