नोटेवरचा 'सागर सम्राट'

एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नव्हे, तर अर्थसचिवांची सही असते, हे आम्हा बँकवाल्यांना पाठ असते. पण ऐंशीच्या दशकात आलेल्या नोटेच्या मागे समुद्रात पाय रोवून उभे असलेले ते काय, असे विचारले तर काउंटरच्या आतले आणि बाहेरचे, दोघेही गडबडायचे. तो 'सागर सम्राट'. त्याची गोष्ट मुंबईच्या दारातली, म्हणून या अंकात सांगतो.

साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने ओएनजीसीने अरबी समुद्राची पाहणी केली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तळाखाली खडकांचा भलामोठा उंचवटा दिसला. पण पाहणीतून कळतो तो खडकाचा आकार. त्यात तेल आहे की नुसते खारे पाणी, हे कळत नाही. बोअरवेलवाल्याला आपण विचारतो, "पाणी नक्की लागेल ना?" तो म्हणतो, "मारून बघू!" तेलाचेही तसेच. फरक एवढाच, की इथे बोअर कोरडी गेली तर कोट्यवधी रुपये बुडतात. बँकेच्या भाषेत, विनातारण कर्ज!

त्यातच १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत अकराच्या वर गेला. बहुतेक तेल आयात करणाऱ्या आपल्या देशाने परकीय चलन आणायचे कुठून?

अशा वेळी जपानमध्ये बांधलेला 'सागर सम्राट' कामाला लागला. हे यंत्र तरंगत जागेवर येते, लांब पाय समुद्राच्या तळाला टेकवते आणि स्वतःला लाटांच्या वर उचलून घेते. मग पाइपला पाइप जोडत भोक खोल नेतात. पाइपमधून जड चिखल आत सोडतात. त्याला तिथे 'मड' म्हणतात. तो खडकाचा चुरा वर आणतो आणि त्याच्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. भोक ढासळू नये म्हणून लोखंडी नळ्या बसवून सिमेंट भरतात. भूगर्भशास्त्रज्ञ दिवसरात्र तो चुरा तपासत बसतात.

१९ फेब्रुवारी १९७४ रोजी चुनखडीच्या खडकात तेल लागले. २१ मे १९७६ ला प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्राखालून उरणपर्यंत नळ टाकले गेले आणि देशात निघणाऱ्या तेलाचा मोठा वाटा 'बॉम्बे हाय'ने उचलला. विनातारण कर्ज व्याजासकट वसूल झाले.

पण खात्याला दुसरी बाजूही असते. २६ जुलै २००५ चा पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. दुसऱ्याच दिवशी खवळलेल्या समुद्रात एक जहाज तिथल्या फलाटावर आदळले, वायूची नळी फुटली आणि दोनेक तासांत सारा फलाट जळून गेला. साडेतीनशेहून अधिक जणांना वाचवले, पण बावीस जण गेले. आपण तेव्हा घरातला चिखल उपसत होतो, त्यामुळे ती बातमी आपल्या कानावरून गेली.

आजही जुहूहून हेलिकॉप्टरने माणसे तिकडे जातात, चौदा-चौदा दिवस घरापासून दूर राहतात. पावसाळ्यात वादळाचा इशारा आला की आपण खिडक्या लावून घेतो. त्या वेळी त्यांच्या घरचे फोनकडे डोळे लावून बसलेले असतात, एवढे आपल्या मुला-नातवंडांना जरूर सांगावे.