पोचपावतीचा इतिहास : दीर्घकाळ चालणारी कामे आणि विस्तारक्षम वेब सेवांची रचना

वेब सेवेचा विचार करताना विनंती आणि प्रतिसाद ही जोडी आपण अविभाज्य मानतो. परंतु जे काम पूर्ण होण्यास मिनिटे किंवा तास लागतात, त्याचे काय करावे? विनंती स्वीकारून तत्काळ पोच द्यावी आणि काम मागाहून करावे, हे आज रूढ असलेले उत्तर वेबयुगातील नवे संशोधन असल्याचा समज आहे. ही रीत वेबपेक्षा जुनी असून मधल्या काळात ती मागे पडली होती, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. त्या पिढीच्या संगणकांवर कामे गठ्ठ्याने चालत. संशोधकाने छिद्रित कार्डांचा गठ्ठा सुपूर्द करावा आणि छापील उत्तर नंतर येऊन न्यावे. वापरकर्ता यंत्रापाशी ताटकळत नसे आणि यंत्रही त्याच्यासाठी अडून राहत नसे.

पुढे संगणक जाळ्यांनी जोडले गेले आणि चित्र पालटले. झेरॉक्स पार्क येथील अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये ‘रिमोट प्रोसीजर कॉल’विषयीचा निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या संगणकावरील काम आपल्याच संगणकावरचे असावे तसे मागविता यावे, हा त्यांचा हेतू. मात्र हाक देणारा प्रोग्रॅम उत्तर येईपर्यंत थांबून राही. पलीकडचे यंत्र किंवा संपर्क बंद पडला नाही, तर या थांबण्यास मुदतच नव्हती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची सोय मोठी झाली, हे मान्य केले पाहिजे. तिची किंमत पुढे सर्व्हरला चुकवावी लागली.

ही किंमत मोजण्याचे साधन जॉन लिटल यांनी १९६१ मध्येच सिद्ध करून ठेवले होते. व्यवस्थेत एका वेळी सरासरी किती विनंत्या असतील, तर त्यांच्या येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीचा मुक्काम. सेकंदाला ५० विनंत्या येत असून प्रत्येक काम ०.१ सेकंदात संपत असेल, तर एका वेळी ५ विनंत्या आत असतात. तेच काम दोन मिनिटे चालले, तर ६,००० होतात. प्रत्येकीसाठी एक थ्रेड आणि १ मेगाबाइट स्मृती राखून ठेवली, तर सुमारे ६ गिगाबाइट जागा नुसत्या प्रतीक्षेत अडकते. अशा वेळी आणखी यंत्रे विकत घेणे म्हणजे ताटकळणाऱ्यांसाठी बाके वाढविणे होय.

मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात २०२ हा संकेतांक आहे. विनंती स्वीकारली, पण काम झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. लक्षणीय बाब अशी की, हा संकेतांक समजावताना दिवसातून एकदाच चालणाऱ्या गठ्ठा-प्रक्रियेचे उदाहरण दिले आहे. कामाची सद्यःस्थिती कोठे पाहावी किंवा ते केव्हा पूर्ण होईल, हेही उत्तरात सांगावे, अशी अपेक्षा तेथे आहे. जुनी रीत नव्या नियमावलीत प्रारंभापासूनच होती. रचनाकारांचे तिकडे लक्ष उशिरा गेले.

अर्थात पोच दिल्याने जबाबदारी संपत नाही. विनंती कायमस्वरूपी साठ्यात नोंदविण्यापूर्वीच पोच दिली आणि सर्व्हर बंद पडला, तर ती पोच खोटी ठरते. पोच वाटेत हरवली, तर ग्राहक पुन्हा विनंती करतो आणि एकच शुल्क दोनदा वसूल होण्याचा धोका उद्भवतो. बिरेल-नेल्सन यांनी प्रत्येक हाकेस ओळखक्रमांक देऊन दुबार हाका गाळल्या होत्या. त्यांची ही देणगी मात्र जशीच्या तशी टिकली. काम निम्म्यात फसल्यास काय करावे, याचा विचार प्रिन्स्टनच्या हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सालेम यांच्या १९८७ च्या ‘सागाज’ या निबंधात आढळतो. दीर्घ व्यवहाराचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येकाचा परिणाम भरून काढणारा उलट व्यवहार तयार ठेवावा, हे त्याचे सार.

ॲमेझॉनने २०१२ मध्ये ग्लेशियर ही साठवण सेवा सुरू केली, तेव्हा माहिती परत मिळण्यास साधारणतः ३ ते ५ तास लागत. मागणी करताच कामाचा क्रमांक मिळे आणि काम झाल्यावर सूचना येई. तयार झालेले उत्तर किमान २४ तास राखून ठेवण्याची हमी होती. तेवढ्यात ते नेले नाही, तर पुन्हा मागणी नोंदवावी लागे.