जाऊबाईंचं दुखणं

आजीच्या थोरल्या जाऊबाई चुलीपुढे कधी उकिडव्या बसत नसत. पाट घेत, नाहीतर कामं उभ्यानेच उरकत. चाळिशीच्या आतच त्यांचं अंग बाहेर येऊ लागलं होतं आणि घरातल्या पुरुषांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. जुन्या लुगड्याची घडी लावून वरून काष्टा कसायचा, एवढाच उपाय. आजी सांगायची, त्यांची सगळी बाळंतपणं घरी झाली. पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधीच सुईण ‘जोर कर, जोर कर’ म्हणून मागे लागायची, आणि महिना भरायच्या आत डोक्यावर पाण्याची घागर चढायची. गर्भाशयाला जागेवर धरणारे बंध अशाने सैलावतात आणि ते योनीमार्गातून खाली उतरतं, हे सांगणारं त्या घरात कोणी नव्हतं.

माझी आत्या मुंबईत नर्स होती. तिच्या वॉर्डात याच दुखण्याच्या पंचविशीतल्या पोरीही यायच्या. त्यांना अजून मूल हवं असायचं. पिशवी गेली तर संसारातली जागाही जायची. या पोरींचं काय करायचं, हा प्रश्न मुंबईतल्या काही डॉक्टरांनी फार मनावर घेतला. या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट मोठी वाटते. इंग्लंडातून आलेल्या मँचेस्टर ऑपरेशनमध्ये बंध आवळताना गर्भाशयाचं मुख कापलं जाई. बाईचं दुखणं जायचं, पण पुढे दिवस राहणं अवघड, आणि राहिले तर गर्भ न टिकण्याची धास्ती. गोव्यात १८९९ साली जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी मुख राखलं. गर्भाशयाला मागून पट्टीचा आधार देऊन ते माकडहाडाच्या वरच्या मोठ्या हाडाला बांधण्याची रीत त्यांनी बसवली. आत्या म्हणायची, ‘हे कसबी हाताचंच काम, आतडं आणि मूत्रवाहिनी अगदी वाटेत येतात.’ मुंबईतल्याच डॉ. पुरंदरेंनी पोटाच्या भिंतीतल्याच चिवट पडद्याच्या पट्ट्या काढून गर्भाशयमुख पुढून टांगलं. खोकला आला, जोर पडला की पोट आवळतं आणि त्याच झटक्यात पट्टीही वर ओढली जाते.

मुंबईत हे घडलं, तरी गावं दूरच राहिली. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ९२ टक्के बायांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता आजार होता. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आमच्या जाऊबाई उरलेल्यांतल्याच.

आजही कित्येकींना सरसकट ‘पिशवी काढून टाकू’ असं सांगितलं जातं, त्याची मला चीड येते. नुसती पिशवी काढून सैल बंध घट्ट होत नाहीत. ते नीट बांधले नाहीत तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरतो. आत्या गावी आली की बायकांना हेच पढवायची: डॉक्टरांना विचारा, पिशवी काढाल, पण वरचं टोक कशाला बांधाल? आणि ऑपरेशन नकोच असेल तर आत आधाराची रिंग बसवता येते, तीही मागा.