गळ्यावरचा तपकिरी ठिपका

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. आजचा इतिहास एका बोटभर माशाचा आहे, आणि त्याच्यावरून शास्त्रज्ञांमध्ये जुंपलेल्या वादाचा.

मी दिवसभर कोड लिहितो आणि त्याच्या टेस्टही. फेल होणार अशी खात्री असलेली टेस्ट पास झाली की आमच्या टीममध्ये पहिला प्रश्न येतो, "टेस्टच गंडलीये का?" बहुतेक वेळा गंडलेली असतेच. पण कधी कधी टेस्ट बरोबर असते आणि आपली खात्रीच चुकीची निघते. या माशाच्या बाबतीत नेमकं काय झालं, यावर अजून एकमत नाही.

माशाचं नाव क्लीनर रॅस. निळसर अंग आणि डोक्याकडून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा. लांबी फार तर १४ सेंटिमीटर. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंतच्या प्रवाळांमध्ये हा राहतो. तिथे त्याचं अक्षरशः दुकान असतं. ठरलेल्या जागी मोठे मासे येतात, तोंड आणि कल्ले उघडून थांबतात, आणि हा आत शिरून त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजदाद केली, तेव्हा एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असं दिसलं.

किती गुणी, असं वाटलं ना? थांबा. याला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. संधी मिळाली की त्याचाच लचका तोडतो. गिऱ्हाईक दचकतं, मागे लागतं, नाहीतर सरळ निघून जातं. २००६ मध्ये रेडुआन बशारी आणि ग्रटर यांनी दाखवलं की दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तर हा शहाण्यासारखा वागतो. ॲपवर रेटिंग सांभाळणाऱ्यासारखा, अगदी तसाच.

जाता जाता अजून एक. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात. नर नाहीसा झाला की सगळ्यात वरच्या क्रमांकाची मादी काही तासांत नरासारखी वागायला लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते. रॉस रॉबर्टसन यांनी हे १९७२ मध्ये मांडलं. आमचा बॅकअप सर्व्हर इतक्या शिस्तीत कधी उभा राहिलेला मी पाहिला नाही.

आता मूळ भांडण. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना आरशाची सवय लावली, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. जाग आल्यावर चिंपांझी आरशात बघून स्वतःच्याच अंगावरचा रंग चाचपू लागले. माकडांना ते जमलं नाही. तेव्हापासून ही टेस्ट म्हणजे 'स्वतःची जाणीव' मोजायची पट्टी झाली. पुढे डॉल्फिन, हत्ती, मॅग्पाय असे मोजकेच प्राणी त्या यादीत आले.

आणि २०१९ मध्ये जपानच्या मासानोरी कोहदा यांच्या टीमने सांगितलं, आमचा मासाही पास झालाय.

त्यांचे मासे आधी आरशातल्या 'शत्रू'शी भांडले. मग भांडण थांबलं आणि आरशासमोर उलटं पोहण्यासारखे विचित्र प्रकार सुरू झाले. नंतर गळ्याखाली, आरशाशिवाय दिसणारच नाही अशा जागी, तपकिरी ठिपका टोचला. चारपैकी तीन मासे आरशात बघून आपला गळा तळाशी घासू लागले. ठिपका पारदर्शक असला, किंवा रंगीत असूनही समोर आरसा नसला, तर कोणी घासत नव्हतं.

गॅलप यांना हे पटलं नाही. फ्रान्स द वाल यांनी त्याच नियतकालिकात लिहिलं की ही जाणीव 'आहे किंवा नाही' अशी नसावी, तिला पायऱ्या असाव्यात. ठिपका परजीवीसारखा दिसत होता, हाही वादाचा मुद्दा झाला. मला मात्र हा आक्षेप उलटा वाटतो. ज्याचं आयुष्य परजीवी शोधण्यात जातं, त्याला तेच दाखवायला हवं ना! २०२२ मध्ये कोहदांनी जास्त मासे घेऊन प्रयोग पुन्हा केला. निळ्या-हिरव्या ठिपक्याकडे माशांनी ढुंकूनही पाहिलं नाही, तपकिरी दिसला की मात्र घासाघास सुरू.

२०२३ मध्ये त्यांनी फोटो आणले. आरसा बघण्याआधी हे मासे कोणत्याही फोटोवर तुटून पडायचे, स्वतःच्यासुद्धा. आरशाची ओळख झाल्यावर अनोळखी माशाच्या फोटोवर हल्ला चालूच राहिला, स्वतःच्या फोटोवरचा थांबला. मग त्यांना त्यांचाच फोटो दाखवला, गळ्यावर तपकिरी ठिपका रंगवलेला. समोर आरसा नव्हता, खऱ्या गळ्यावर काही नव्हतं. तरी बहुतेकांनी आपला गळा घासला.