हवाई टेहळणी छायाचित्रण (पहिले महायुद्ध)

विमानातून शत्रूच्या ठाण्यांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून लष्करी नकाशे तयार करण्याची पद्धत. रत्नागिरी जिल्ह्याशी (तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता) तिचा संबंध मेसोपोटेमियाच्या मोहिमेतून येतो. तेथे लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 व 117 या मराठा पलटणी होत्या आणि मराठा पलटणींत कोकणी मराठ्यांची भरती मुख्यतः याच जिल्ह्यातून होई.

फुगे : पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने 1858 मध्ये फुग्यातून छायाचित्र घेतले.

छायाचित्रकार : ब्रिटिश सैन्यातील हवाई छायाचित्रणाचे श्रेय बहुधा मूर-ब्रॅबझन या वैमानिक अधिकाऱ्याच्या नावे मांडले जाते. पाया मात्र व्हिक्टर लॉज या साध्या शिपायाने घातला. छायाचित्रणाचा नाद असलेला हा गडी 1912 मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश सैन्याच्या हवाई दलात आला. 1913 मध्ये त्याने हवाई जहाजातून सरळ खाली रोखून, एकावर एक थोडी चढणारी छायाचित्रे घेतली. अशी जोडी दुहेरी भिंगातून पाहिली की जमिनीचा चढउतार डोळ्यांपुढे उभा राहतो.

1915 च्या आरंभी आलेला ‘ए’ कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पितळी बांधणी आणि आत काचेच्या प्लेटा. तो दोन्ही हातांनी धरून, सुसाट वाऱ्यात विमानाबाहेर वाकून नेम धरावा लागे. पहिल्या प्लेटेला अकरा हालचाली, पुढच्या प्रत्येकीला दहा. त्याही जाड हातमोजे घालून किंवा गारठलेल्या बोटांनी. मार्च 1915 मधील फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या लढाईपूर्वी अशा छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे झाले. हिंदी कोअर त्याच लढाईत उतरली होती.

मेसोपोटेमिया : येथे आरंभी भिस्त निरीक्षकाच्या डोळ्यांवर व पेन्सिलीवर होती. 21 नोव्हेंबर 1915 रोजी वैमानिक मेजर रायलीला बगदादजवळच्या टेसिफोनपाशी नव्याने आलेली तुर्की फौज दिसली. पण विमान पडले, तो पकडला गेला आणि बातमी डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याच्यापर्यंत पोचलीच नाही. त्याच्याजवळचा नकाशा तुर्कांच्या उपयोगी पडला, असेही सांगतात. दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या लढाईत टाउनशेंडच्या फौजेची सुमारे 4,600 माणसे मारली गेली वा जखमी झाली. कॅमेरा असता तरी निकाल बदलला असता असे म्हणवत नाही. विमानच परतले नाही, तर प्लेटाही हाती येत नाहीत. डिव्हिजन माघार घेऊन कुतला आली, तेथे वेढली गेली व 29 एप्रिल 1916 रोजी शरण आली.

पुढे 30 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने खंदकांची पद्धतशीर छायाचित्रे घेतली आणि नकाशांचे काम त्यांवर चालू लागले. नकाशांसाठी उडणारा सर्वेक्षण अधिकारी बीझली याला समारा येथे जुन्या शहराची आखणी वरून स्पष्ट दिसली. जमिनीवरून तेथे नुसते उंचवटे दिसत. 1918 मध्ये त्याचे विमान पाडले जाऊन तो तुर्कांच्या कैदेत गेला. समाराच्या आखणीवरील त्याचा लेख 1919 मध्ये लंडनच्या ‘जिऑग्राफिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.