वाय-फाय असताना डेटा का घटतो?

विश्रामबागेतल्या घरी वाय-फायवर एखादी फाइल उतरवून घेत असताना आपण रस्त्यावर आलो, की पूर्वी ते काम अर्ध्यातच तुटे. टीसीपीची जोडणी पत्त्याला बांधलेली असते आणि जाळे बदलले की फोनचा पत्ता बदलतो. २०१३ मध्ये अॅपलने सिरीसाठी, एकाच जोडणीत दोन्ही वाटा वापरणारे बहुमार्गी टीसीपी आणले. सप्टेंबर २०१५ मध्ये आयओएस ९ सोबत ‘वाय-फाय असिस्ट’ आले. वाय-फाय दुबळे झाले की फोन न विचारता मोबाइल डेटाकडे वळू लागला. ही सोय मुळातच चालू ठेवलेली! पुढच्याच महिन्यात अमेरिकेत वाढीव बिलांवरून दावा दाखल झाला. आम्हांस तो रास्त वाटतो. (वाय-फायच्या पट्ट्यांवर विसंबू नये. त्या राउटरपर्यंतचेच बळ दाखवतात, पुढची तार तुटलेली असली तरी.) आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, मोबाइल डेटाच्या लांबलचक यादीत अगदी तळाशी ती कळ सापडते.