सरकारचे डोके, मुक्काम गणेशखिंड

टिळकांचा ‘केसरी’ मंगळवारी निघे. त्याच्या वाचकांत काहीजण असे होते, की त्यांना वाचण्याचाच पगार मिळे. मुंबई सरकारच्या पदरी ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’ नावाचा अधिकारी असे. इलाख्यातली देशी वर्तमानपत्रे चाळायची आणि त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारपुढे ठेवायचा, हे त्याच्या कचेरीचे काम. मजकुराचे एकवेळ निभावत असेल. पंचाईत मथळ्याशी. टिळकांचा मथळा ओसरीवर पानाचा डबा पुढे ओढून बोलल्यासारखा. साहेबाच्या टेबलावर जायचा तर त्याला बूट-पाटलोण चढवणे भाग होते.

६ जुलै १८९७ चा अंक घ्या. पुण्यात प्लेग होऊन गेलेला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या बंगल्यावरचा राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि ३ जुलैला तो मेला. मारेकरी सापडेनात, तेव्हा सरकारने सगळ्या शहरावरच डोळे वटारले. त्यावर ‘केसरी’ने विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

घरातल्या कर्त्याने काही भलतेच केले, की माजघरात हाच प्रश्न निघतो. त्याला कोश लागत नाही. पण एखाद्या प्रामाणिक कारकुनाने शब्दाला शब्द ठेवला असता तर? सरकारचे डोके म्हणजे गव्हर्नर. ठिकाणावर म्हणजे जागेवर. सबब, गव्हर्नरसाहेब सध्या कुठे आहेत, अशी पृच्छा. आणि ती गैरवाजवी मुळीच नव्हती, कारण या डोक्याला खरोखरच एक ठिकाण नव्हते. हिवाळ्यात ते मुंबईस, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास गणेशखिंडीत असे. तेव्हा आमच्या काल्पनिक कारकुनाचा काल्पनिक खुलासा असा पडला असता: ‘विचारणेवरून कळविण्यात येते की, डोके जुलै महिना असल्याने गणेशखिंडीस आहे. पाऊस सरल्यावर मलबार पॉइंटला मिळेल. दरसाल उन्हाळ्यात ते महाबळेश्वरी नेऊन थंड करण्यात येते.’

एवढ्यावर कागद दप्तरी दाखल.

‘टोणग्याचे आचळ’ हा मथळा मात्र इतक्या सहजी सुटला नसता. टोणग्याला आचळ नसतात आणि त्याच्यापुढे चरवी धरून बसणाऱ्याला दूध मिळत नाही, हे गवळ्याच्या पोराला ठाऊक. सचिवालयाला ते ठाऊक असेलच असे नाही. जनावराचा विषय, म्हणून कागद परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे गेला असता. १८८६ पासून ते होतेच. तिकडून तपासणीचा अहवाल यायचा, ‘सदर टोणगा नमुन्यादाखल पाहिला. आचळ आढळून आले नाहीत. संपादकांचे म्हणणे खरे दिसते.’ आता संपादकाचे म्हणणे सरकारी खात्यानेच खरे ठरवल्यावर पुढे काय करायचे, यावर तीन महिने टिपणे रंगली असती.

पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या आणि टिळकांनी विचारले, ‘उजाडले, पण सूर्य कोठे आहे?’ या सुधारणांचा अहवाल प्रसिद्ध झाला तो १९१८ च्या जुलैत. जुलैतल्या पुणेकराला सूर्य कुठे आहे हे विचारणे म्हणजे त्याचा अंत पाहणे. कुलाब्याच्या वेधशाळेला तार गेली असती तर तिने नियमाप्रमाणे उदयास्ताच्या वेळा कळवल्या असत्या आणि खाली जोडले असते, ‘ढगांबद्दल ही कचेरी जबाबदार नाही.’

हे सगळे आपल्या मनातले मांडे. गंमत अशी, की प्रत्यक्षात घडले ते याहून अचाट.

डोक्याबद्दलच्या त्या झणझणीत मथळ्यावर १८९७ चा राजद्रोहाचा खटला उभा राहिलाच नाही. २७ जुलैला टिळकांना अटक झाली ती १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून: शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला राजद्रोहाच्या कलमातली अप्रीती समजावून सांगितली. त्यांच्या मते अप्रीती म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव! पुढे त्यांनी द्वेष, वैर, तिरस्कार हेही मोजून दाखवले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो अभावच. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा, तर मग मामलेदारांना तालुकावार प्रेमाची जमाबंदी करावी लागली असती. दुष्काळी गावांना प्रेमाची तहकुबी, आठ आण्यांच्या आत पीक आल्यास निम्मी सूट, आणि जुन्या थकबाकीदारांवर जप्ती. सहा विरुद्ध तीन मतांनी ज्यूरीने टिळकांना दोषी ठरवले. शिक्षा झाली अठरा महिन्यांची.

१९०८ मध्ये तर भाषांतरच आरोपीच्या पिंजऱ्याशी येऊन उभे राहिले. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन अग्रलेख राजद्रोहाच्या नव्या खटल्याला मुख्यतः कारण झाले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत आणि निवाडा करायचा इंग्रजी तर्जुम्यावरून. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. कोर्टापुढचा तर्जुमा आपल्या मजकुराला धरून नाही, हे त्यांनी शब्द न् शब्द सोलून दाखवले. त्यांचे भाषण एकूण एकवीस तास चालले. मराठी व्याकरणाचा इतका लांब तास मुंबईच्या हायकोर्टात बहुधा दुसरा झाला नसेल. विद्यार्थी मात्र नापास! सात विरुद्ध दोन मते पडली आणि २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती ठोठावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते. हे कादंबरीत घातले असते तर लेखकाला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हणून बोल बसला असता.

एक मथळा मात्र कुणाच्याही वाटेला न जाता राहिला. राजद्रोहाची पहिली शिक्षा भोगून आल्यावर टिळकांनी ४ जुलै १८९९ ला ‘केसरी’ची सूत्रे पुन्हा हाती घेतली तेव्हाचा, ‘पुनश्च हरिः ॐ’. आमच्या कारकुनाने तो ‘धार्मिक, कारवाई नको’ असा शेरा मारून बाजूला ठेवला असता. २०२० साली टाळेबंदी सैल करताना मुख्यमंत्र्यांनी ‘पुनश्च हरिओम’ म्हटले आणि सरकारी कागदावर त्याचे इंग्रजी उमटले, ‘मिशन बिगिन अगेन’. भाषांतराला १२१ वर्षे लागली.